उन्हाची खोली कासवांना

आमचे हे रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला आहेत. लोकांच्या हाताला सुई टोचून "दुखलं नाही ना?" असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत पुढच्याला बोलवायचं, हे बावीस वर्षं चालू आहे. घरी आल्यावर मात्र ह्यांच्या मायेला उधाण येतं. माझ्याकडे त्यातलं काही वळत नाही, सगळं कासवांकडे जातं.

कासवं दोन, थोरली आणि धाकटी. कुणीतरी घर सोडताना मागे टाकून गेलेली. प्राण्यांच्या केंद्रातून ह्यांनी ती रीतसर दत्तक घेतली. चार ठिकाणी सह्या केल्या, आणि प्रत्येक सहीआधी फॉर्म पुन्हा वाचला.

केंद्राचं माहितीपत्रक तर ह्यांना तोंडपाठ. कासवांना ऊन लागतं. आमच्या घरात ऊन एकाच खोलीत येतं आणि तिथं माझे सासरे राहायचे. खिडकीला लागून पलंग, त्यावर बाबा आणि बाबांच्या दुखऱ्या गुडघ्यांवर ऊन. ह्यांनी टेप लावून मापं घेतली आणि पलंग व कासवांचं कुंपण दोन्ही मावत नाहीत असा निकाल दिला.

"बाबा, थोडे दिवस मागच्या खोलीत जाल का?"

"जातो की," बाबा म्हणाले. ते कशालाच नाही म्हणत नाहीत, म्हणून सगळं त्यांनाच विचारलं जातं.

मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, जुन्या सुटकेसेस आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. खोटं कशाला बोलू, मीही ब्र काढला नाही. बाबांचा पहाटेचा खोकला आणि मोठ्या आवाजातला रेडिओ मागे गेला. माझी सोय झाली होती.

मग कासवांचे लाड सुरू झाले. दर रविवारी हातमोजे चढवून वजन, तेही ग्रॅममध्ये. आंघोळीचं पाणी कोमट आहे का, ते कोपर बुडवून बघायचं. जास्वंदाच्या पानांवर कॅल्शियमची पूड. खोलीत दोन थर्मामीटर, एक उन्हात, एक सावलीत. फ्रिजवर तक्ता. थोरलीचं वजन अकरा ग्रॅमनी उतरलं तर ह्यांना दोन दिवस अन्न गोड लागेना. त्याच महिन्यात बाबांची पँट कमरेवरून घसरायला लागली होती, पण तक्त्यात तो रकाना नव्हता.

घरी येईल त्याला आधी कासवं दाखवायची. "मुक्या जिवाचं आपणच बघायला हवं," असं हे म्हणायचे आणि समोरचा माणूस भारावून जायचा. बाबांना बोलता येत होतं, तिथंच त्यांचं चुकलं.

आठ महिन्यांनी, ऐन थंडीत, केंद्राच्या बाई पाहणीला आल्या. पाहणीत नापास झालो तर कासवं परत जाणार होती. ह्यांनी रजा काढून पहाटेपासून फरशी पुसली. बाईंनी तक्ता बघितला, खूश झाल्या. पण कुंपणात एकच कासव! शोधाशोध झाली. धाकटी सापडली मागच्या खोलीत, बाबांच्या पलंगाखाली. बाबा तिला चोरून जास्वंदाची फुलं भरवत, म्हणून ती फट शोधून तिकडे जायची.

बाईंनी आपला थर्मामीटर काढून जमिनीवर ठेवला. थोड्या वेळाने वाचला.

"तेरा. एवढ्या गारठ्यात कासव ठेवता? आजारी पडेल. हे मला लिहावं लागेल." आणि त्यांनी फॉर्मवर एक ओळ लिहिलीसुद्धा.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "छे छे, मॅडम! इथं कासवं नसतात. इथं बाबा असतात!"

इतक्या सुटकेनं म्हणाले की काय सांगू.

बाबा पलंगावरच बसले होते, दोन स्वेटर घालून. त्यांनी घाईघाईने मान हलवली. "हो हो, मीच असतो. ती आपली भेटायला येते. तिचं काही लिहू नका."

बाईंनी बाबांकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. "माझ्या फॉर्ममध्ये फक्त कासवांचं विचारलंय," त्या म्हणाल्या आणि लिहिलेली ओळ खोडली. आम्ही पास झालो.

बाई जिना उतरल्या तसे हे टाळी वाजवून म्हणाले, "सुटलो बुवा!" मला स्वतःची लाज वाटली आणि ह्यांचा असा संताप आला की मी सरळ मागे जाऊन बाबांना खुर्चीत बसवलं आणि गादी गुंडाळायला घेतली.

"हे काय चाललंय?"

"दुसरं टोक धरा."

"अगं, मावणार नाही तो. मी मापं घेतली आहेत."

"धरा म्हणते ना!"

पलंग पुढच्या खोलीत नेला. कुंपण हातभर सरकवलं. पलंग मावला, वर एका खुर्चीएवढी जागा उरली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. हे टेप हातात घेऊन नुसते उभे.

बाबा हळूच पलंगावर टेकले. ऊन गुडघ्यांवर आलं. मी त्यांच्या कपड्यांची पिशवी आणून दिली, ती त्यांनी मांडीवर घेतली आणि मुलाला विचारलं, "परत मागं कधी जायचं ते आत्ताच सांगून ठेव रे, म्हणजे मी पिशवी उघडतच नाही."