आक्कांचं घडीचं स्टूल

वकील सुमन आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात होतो. डोळे भरून आले. काही दिवसांनी दुसरा फोन आला, त्यानं मात्र डोकंच फिरलं. महिना उलटला तरी तो राग उतरलेला नाही...

मुरगूडकडच्या आमच्या शेतमजुराच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. कॉलेजची सगळी वर्षं शिवाजी पेठेत आक्कांच्या माडीवर राहिलो, म्हणून ते जमलं. शेवटच्या वर्षी गावात मंत्र्यांच्या गाडीपुढं ‘पाणी द्या’ असा फलक धरला म्हणून थोरल्या भावाला पोलिसांनी उचललं. आई रडत आली. आक्कांनी काळा कोट चढवला आणि दारामागचं लोखंडी घडीचं स्टूल काखेत मारलं. ‘ठाण्यात खुर्ची देत न्हाईत रं. पाय दुखले की माणूस घरला जातंय, ठावं हाय त्यास्नी. आपण बसूनच भांडायचं.’

ठाण्याच्या दारातच त्यांनी स्टूल उघडलं.

‘अटक कशापायी?’

‘अटक न्हाई ओ आक्का, नुसती चौकशी,’ हवालदार हसला.

‘मग पोरगं घरला सोडा की.’

‘साहेब आल्याबिगर न्हाई.’

‘म्हंजे अटकच. मग कारण सांगा, मला भेटू द्या, चोवीस तासांच्या आत कोर्टापुढं उभा करा. मेहरबानी नगं, पावणं. संविधानात लिवलंय.’

‘च्या घेता?’

‘आणा की. बसायचंच हाय.’

संध्याकाळी भाऊ सुटला. आई हवालदाराच्या पाया पडायला वाकली, तशी आक्कांनी तिला दंडाला धरून उठवलं. ‘उपकार न्हाई केले त्येनी!’

त्याच आक्कांच्या शोकसभेसाठी मी हॉल ठरवला होता. दुसरा फोन त्या हॉलच्या मालकाचा. ‘सर, सभा रद्द करा. ठाण्यातनं तोंडी निरोप हाय, वातावरण बरं न्हाई.’

‘कशापायी?’

‘ते मी कसं इचारू?’

आक्कांनी ज्यांना ठाण्यातून सोडवून आणलं, ती माणसंही म्हणाली, ‘जाऊ द्या सर, घरातच फोटोला हार घालू.’ एका तोंडी निरोपावर गावाची तोंडं बंद होत असतील, तर भाषणस्वातंत्र्याचा धडा मी वर्गात कोणत्या तोंडानं शिकवू?

माडीवर गेलो. स्टूल दारामागंच होतं, मधला रंग बसून बसून उडालेला. काखेत मारलं आणि निरोप धाडणाऱ्या ठाण्यात गेलो. दारात उघडताना ते करकरलं.

‘काय काम हाय, पावणं?’ तिथल्या हवालदारानं विचारलं.

मी आधी बसून घेतलं.