यादीतला सरदार

ऋषभचं लग्न मोडलंच तर एका फॉर्मपायी मोडेल, ही धास्ती काही केल्या जात नाही.

माझा मुलगा सॉफ्टवेअर टेस्टर. फॉर्म दिसला की ज्याला कुणी हात लावत नाही तो पर्याय हा आधी दाबून बघतो. दोन वर्षांपूर्वी इथल्या, नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या टेनिस क्लबच्या फॉर्ममध्ये ‘श्री’, ‘श्रीमती’खाली डच सरदारांचे किताब होते. यानं ‘ख्राफ’, म्हणजे काउंट, निवडलं. ते सेव्ह झालं.

तेव्हापासून क्लबची पत्रं ‘उच्चकुलोत्पन्न ख्राफ चिटणीस’ या नावानं येतात. नाताळच्या जेवणात अध्यक्षांनी उभं राहून त्याला सूप वाढलं.

“अरे, बदल की ते,” मी म्हटलं.

“आई, टेस्टर चूक दुरुस्त करत नाही, कळवतो. मी कळवलीय.”

“दोन वर्षं झाली.”

“त्यांच्या लेखी ती किरकोळ आहे.”

वर मलाच शिकवतो. ड्यूक म्हणजे मुळात सैन्याचा पुढारी, मार्क्विस सरहद्द सांभाळणारा, ख्राफ राजाचा अंमलदार. सगळ्या नोकऱ्याच. नोकऱ्या गेल्या, नावं चिकटली. “आपला चिटणीस ख्राफच्या शेजारच्याच टेबलावर बसला असता.”

“चिटणिसाचा वंशज ना तू? मग क्लबला एक पत्र लिही,” त्याचे बाबा पेपरामागून म्हणाले.

गेल्या रविवारी मास्ट्रिख्टहून मृदुला आणि तिची आई सुचेताताई लग्नाचं बोलायला आल्या. मृदुलाला ही गंमत ठाऊक होती, सुचेताताईंना नव्हती. टेबलावर क्लबचं पाकीट होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि मला ‘तुम्ही’ऐवजी ‘आपण’ म्हणू लागल्या. पोह्यांची बशी दोन्ही हातांनी घेतली. पोरं हसू दाबत होती. मीही गप्प राहिले. खरं सांगायचं तर मला जरा बरं वाटलं.

आज सुचेताताईंकडून साखरपुड्याच्या पत्रिकेचा मसुदा आला. ‘काउंट ऋषभ’. खाली विनंती: आपलं कुलचिन्ह पाठवावं.

ऋषभचं हसू मावळलं. “आता सांगितलं तर काकू म्हणतील, फसवलं. क्लबनं दुरुस्त केलं की कळेलच.”

पत्रिका उद्या दुपारी छापायला जाते. मी काही टेस्टर नाही, मला दुरुस्त करता येतं. सकाळी आठला, ऋषभ उठायच्या आत, सुचेताताईंना फोन करणार आहे. आधी माझ्या गप्प राहण्याची माफी मागेन. मग विचारेन, नुसता ऋषभ चालेल का.