निळ्या पट्ट्याची झोपते कुठं?

“आधी त्या बाटलीचं झाकण काढा, मॅडम! निळ्या पट्ट्यांची ही माशी आमच्या तुळशीवरची आहे, तुमच्या फ्रिजातली नाही!”

“अहो वत्सलाबाई, पाच मिनिटं गार झाली की शांत बसते. फोटो काढून सोडणारच आहे. नाव नको का कळायला?”

नाव! या नावापायी आमच्या कॉलनीच्या बागेत एवढे किस्से साचलेत, की पोळ्यात तेवढी घरं नसतील. मी चौथी शिकलेली. माश्या ओळखायला शिकले ते पाहून पाहून. नवी माशी दिसली की लोक मलाच हाक मारायचे. मग रामदासपेठेतून या रिटायर्ड प्राणिशास्त्राच्या मॅडम राहायला आल्या, मोबाईलला भिंग लावून. तेव्हापासून जो तो, “मॅडम, ही कोणती?” माझ्या पोटात आग्या मोहोळ उठायचं!

*

एकदा मॅडमनी घाईत ग्रुपवर फोटो टाकला. झेंडूवर पिवळ्या पट्ट्यांची ‘नवी मधमाशी’. अ‍ॅपनं सांगितलं म्हणे! वीस जणांचे अंगठे!

मी व्हॉइस मेसेज टाकला, “पंख मोजा वं बायांनो! मधमाशीले चार असतात, हिले दोनच. साधी माशी आहे, पट्ट्याचं लुगडं नेसून आली!”

फोटो डिलीट. त्या दिवशी मी एक भाकर जास्त खाल्ली.

*

पण गुलाबाची पानं गोल गोल कापलेली दिसली, तेव्हा मी शेजारच्या शोभा टेलरणीवर धावून गेले. “माह्या गुलाबावर कैची चालवून राहिली काहून वं?” चार दिवस अबोला!

पाचव्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघींना गुलाबापाशी उभं केलं. एक इवली माशी आली, पान गोल कापलं, पोटाखाली धरलं आणि उडाली.

शोभा म्हणाली, “घ्या आजी, तिले बी कटिंग येते!”

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. तेच जास्त झोंबलं.

*

तर बाटलीचं. झाकण शेवटी मीच काढलं. माशी भुर्र!

मॅडम भडकल्या. “आता ओळखायची कशी? एक क्षण स्थिर बसत नाही ती!”

“संध्याकाळी या. बिनबाटलीची बसवून दाखवते.”

दिवेलागणीला आल्या, तोंड फुगवूनच. मी कुंपणाजवळची वाळकी काडी दाखवली. निळ्या पट्ट्यांच्या पाच-सहा जणी, जबड्यानं काडी धरून लटकलेल्या. गाढ!

“काढा आता फोटो. सांगा नाव!”

मॅडमनी मोबाईल काढलाच नाही. कितीतरी वेळ वाकून पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या,

“वत्सलाबाई, तीस वर्षं मी असल्या माश्या मारून टाचणीला लावत आले, झोपलेली आज पहिल्यांदा पाहिली.”