आठ नंबरचा डावा बूट

माझ्या लहानपणी आबांचा नवा बूट घरी एकटाच यायचा. उजवा.

आबा काल गेले.
माझे वडील, माझ्या मुलांचे आजोबा, आणि दौंडच्या आमच्या गल्लीत सगळ्यांचेच आबा.

मी कॉन्व्हेंटमध्ये तिसरीत असेन. दिवाळी जवळ आली होती. बुटांच्या दुकानात मांडीवर खोकं घेऊन मी बाकावर बसले होते. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला त्यांचे दोस्त, केडगावचे शांतवनमामा.

आबा फौजेत होते. सीमेवर त्यांचा डावा पाय सुरुंगावर पडला.
मामा रेल्वेत. दौंडच्या यार्डात डबे जोडताना त्यांचा उजवा गेला.
दोघांचा नंबर आठ.

दरवर्षी दोघांत मिळून एक जोडी. आबा दिवाळीला घालायचे. मामा आपला डावा नाताळापर्यंत खोक्यात जपून ठेवायचे.

भांडण फक्त रंगावरून.

"आबा, ह्या टायमाला तपकिरी घ्या की. काळा घालून काय रोज मयताला जायचंय?"
"फौजेत काळाच असतो."
"मी कुठं फौजेत हाय?"
"माझ्यासंगं हाईस ना? मग गप बस."

काळाच यायचा.

मामा अंथरुणाला खिळले त्या वर्षी आबा रिक्षा करून एकटेच दुकानात गेले. तपकिरी जोडी घेऊन आले.
मामांना तो बूट घालायला उठताच आलं नाही.

दफनाआधी आबांनी तो स्वतः पॉलिश केला. मामांच्या पायात घातला. लेस बांधली, सोडली, परत बांधली.
मार्थामामी म्हणाल्या, "आबा, आता कुठं चालायचंय त्यांना."
"ढिली नको," आबा एवढंच म्हणाले.

स्वतःचा तपकिरी बूट त्यांनी कधीच घातला नाही.

पुढेही दरवर्षी काळी जोडी घेत राहिले. डावा ट्रंकेत.
मी एकदा वैतागून विचारलं, "आबा, कशाला साठवताय?"
"लागंल कुणाला तरी."

दवाखान्यात शेवटी शेवटी शुद्ध यायची, जायची. नसलेला पाय दुखायचा.
"पायावरचं पांघरूण काढ गं. जड झालंय."
मी काढायचे. तिथे चादर सपाट असायची.

परवा मात्र नीट बोलले. कुणाला काय द्यायचं ते सांगितलं. काल आम्ही त्यांना अनवाणी नेलं. आता त्यांनी सांगितलेलं तेवढं उरलंय.

मेडल्स माझ्या लेकीला. भिंतीवर टांगायची नाहीत, असं बजावून.

कुबडी सरकारी दवाखान्याला.

तपकिरी उजवा बूट मार्थामामींना. त्यांनी तो कधीचाच मागून ठेवला होता.

आणि ट्रंकेतले डावे बूट. काळे, आठ नंबर, एकदाही न घातलेले.
शिरूर, दौंड, रांजणगावच्या कंपन्यांत, कुठेही उजवा पाय गेलेला कुणी तुमच्या माहितीत असेल, तर मला मेसेज करा. मी स्वतः घेऊन येईन. पॉलिश करून.

"शोधते मी," असं मी आबांना म्हटलं, तर माझा हात धरून म्हणाले,
"शोध. पर कुणी न्हाई घावला तर लई बरं हुईल."

आबा, सावकाश जा.