तिसऱ्यांदा तोच प्रश्न

रविकांत तुळपुळे क्वेबेकमध्ये राहिले, यातच त्यांचं निम्मं चरित्र आलं. बाकीचे गेले. सांगलीचा हा इंजिनिअर १९७१ साली मॉन्ट्रियलला उतरला, पुलांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत लागला, आणि सहा-सात वर्षांत कंपनीच बिऱ्हाड आवरून टोरांटोला निघाली. साहेबाने त्यांनाही चला म्हटलं होतं. हे गेले नाहीत. कारण विचारलं तर सांगायचे, बायकोच्या, शुभदाच्या टोमॅटोंना नुकतीच फुलं आली होती. थट्टाच ती, पण अर्धी. एकदा खुर्चीत बसले की खुर्ची सरकवणंसुद्धा जिवावर यायचं, असा हा माणूस. नदीपलीकडच्या ब्रोसारमध्ये त्यांनी घर घेतलं आणि पगार कमी देणारी दुसरी नोकरी धरली.

फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांताने कॅनडातून बाहेर पडावं का, हा प्रश्न इथल्या लोकांना १९८० साली पहिल्यांदा विचारला गेला. लोक नको म्हणाले. पंधरा वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा तुळपुळे महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस होते. मंडळात बेचाळीस घरं. गणपतीच्या आरतीचं बोलावणं जसं ते स्वतः घरोघर फोन करून द्यायचे, तसेच तेव्हाही यादी पुढ्यात घेऊन बसले आणि प्रत्येकाला दोनच गोष्टी सांगितल्या: मत द्या, आणि काही झालं तरी इथून जाऊ नका. सगळे हो म्हणाले. सगळ्यांनी मतही दिलं. शेकडा एका मताच्या फरकाने क्वेबेक कॅनडात राहिलं, आणि हरलेल्या बाजूचा पुढारी टीव्हीवर म्हणाला की आम्हाला पैशाने आणि परक्या वंशाच्या मतांनी हरवलं.

तुळपुळ्यांच्या हातात पिठलं-भाताचा घास होता. तो तसाच राहिला. चोवीस वर्षं कर भरला, बर्फ उपसलं, पोराला कायद्याप्रमाणे फ्रेंच शाळेत घातलं, आणि आपण परके. शुभदाबाईंनी टीव्ही बंद केला आणि त्यांच्या पानात तूप वाढलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत बेचाळीसातली तीस घरं शेजारच्या ओंटारिओ प्रांतात गेली. मजा बघा, जिंकलेलेच पळाले. दहा दिवसांचा गणपती दीड दिवसावर आला. तुळपुळे मात्र हटले नाहीत. गेलेल्यांचे फोन यायचे, ‘अहो, अजून तिथेच?’ त्यावर हे म्हणायचे, ‘मग कुठे जाऊ? मी इथलाच आहे.’

या बोलण्याला एकच भोक होतं. त्यांना फ्रेंच येत नव्हतं. पहिल्या ऑफिसात सगळे इंग्रजी बोलायचे, पुढे नकाशावरचे आकडे कोणत्याही भाषेत तेच. उद्या शिकू, उद्या शिकू करता करता चोपन्न वर्षं गेली. बेकरीत बोंजूर आणि मेर्सी, एवढ्यावर त्यांनी राज्य केलं. शुभदाबाई शिवणाच्या वर्गात जाता जाता फ्रेंच शिकल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी तासन् तास गप्पा मारू लागल्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, तेव्हा शेजारणी येऊन जे काही बोलल्या ते तुळपुळ्यांना नात ऊर्मीने इंग्रजीत सांगितलं.

मुलगा उन्मेष केव्हाच ओंटारिओतल्या ओकव्हिलला गेला होता. घर विका आणि आमच्याकडे या, हा त्याचा दर रविवारचा धोशा. इथेच वाढलेली आणि मॉन्ट्रियलच्या विद्यापीठात शिकणारी त्याची मुलगी ऊर्मी मात्र आजोबांकडेच राहिली. दोघांचं छान जमायचं. ती त्यांच्या गोळ्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची, ते तिला रोज पोळी करून द्यायचे.

आता पुन्हा निवडणूक तोंडावर आली, आणि एका मोठ्या पक्षाने जाहीर केलं की आमचं सरकार आलं तर तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारू. विचारावा की विचारूच नये, यावरून गावात भांडणं लागली. आणि आपली ऊर्मी विचारावा म्हणणाऱ्यांत आहे, हे तुळपुळ्यांना तिच्या कोटावरच्या बिल्ल्यावरून कळलं.

तिचं म्हणणं साधं होतं. १९९५ साली ती जन्मलीच नव्हती, तिला कुणी विचारलंच नाही. तुळपुळ्यांचं म्हणणं असं की उत्तर काहीही येवो, नुसतं विचारल्यानेच घरं रिकामी होतात. त्यांनी ती होताना पाहिली होती. दोघंही तसूभर हटेनात. शेवटी एक दिवस त्यांनी ठरवलं की गावच्या वाचनालयात होणाऱ्या जाहीर चर्चेत आपण बोलायचं, आणि फ्रेंचमध्ये बोलायचं. एकदा तरी या लोकांनी आपलं ऐकावं, घरच्या माणसाचं ऐकतात तसं. ते साधलं तर मरेपर्यंत इथेच राहायचं. नाहीच साधलं तर उन्मेषचं ऐकायचं. हे मात्र ते कुणाला बोलले नाहीत.

भाषणाचं भाषांतर ऊर्मीनेच करून दिलं. ‘आजोबा, यू आर राँग,’ ती म्हणाली, ‘पण बोलायचंय ना, मग नीट बोला.’

तुळपुळ्यांनी ते सगळं देवनागरीत उतरवून काढलं. फ्रेंच अक्षरं बघून बोलायला गेलं की जीभ इंग्रजीकडे घसरते, देवनागरीत जे लिहिलंय तेच तोंडातून निघतं, असा त्यांचा सिद्धांत. नाकातले स्वर चंद्रबिंदूंनी साधले. घशातला र काही साधेना. तीन आठवडे रोज चहानंतर ते वाचायचे आणि ऊर्मी टेबलावर बोट आपटून थांबवायची. ज्या मताविरुद्ध ती गावभर पत्रकं वाटत होती, तेच मत ती आजोबांकडून जीव तोडून घोटून घेत होती.

शनिवारी दुपारी सभागृह भरलं होतं. प्रत्येकाला तीन मिनिटं. आधीच्या चारही जणांना लोकांनी मध्येच अडवलं, उलटे प्रश्न केले, एकाला तर बसा खाली म्हणाले. तुळपुळे उभे राहिले आणि शांतता पसरली. एक ओळ चुकली नाही. शेवटचं वाक्य तर त्यांनी कागदाकडे न बघता म्हटलं. मग ते थांबले, कुणी तरी भांडेल म्हणून.

कुणीच भांडलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालन करणारी मुलगी, जी सुरुवातीपासून फ्रेंचखेरीज अवाक्षर बोलली नव्हती, ती हसून इंग्रजीत म्हणाली, ‘थँक यू सो मच, सर. दॅट वॉज व्हेरी ब्रेव्ह.’

तुळपुळे खाली बसले. त्यानंतर ऊर्मीची पाळी आली. ती म्हणाली, आत्ता बोलले ते माझे आजोबा. चोपन्न वर्षांत जे झालं नाही ते या एका प्रश्नाने झालं, ते फ्रेंच बोलले. मग हा प्रश्न माणसं तोडतो असं कसं म्हणता? सभागृह पुन्हा टाळ्यांनी दणाणलं. तीन आठवड्यांच्या घोकंपट्टीचा परिणाम असा की तुळपुळ्यांना तिचा शब्द न् शब्द कळला. ते काय बोलले ते कुणीच ऐकलं नव्हतं. तिनेही.

घरी परतताना बसमध्ये तिने विचारलं, रागावलात का. ते नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं. रागाला निदान थोडी धग लागते.

‘एक सांग,’ ते म्हणाले. ‘मतदान झालं आणि तुम्ही पुन्हा थोडक्यात हरलात, तर कुणामुळे हरलो म्हणाल?’

ऊर्मीचे गाल लाल झाले. मग हळूच म्हणाली, ‘मी नाही म्हणणार तसं.’ तुळपुळ्यांनी मान हलवली. ती नाही म्हणणार, हे त्यांना ठाऊकच होतं. इतरांबद्दल ती काही बोलली नव्हती.

घरी आल्यावर बूटही न काढता त्यांनी उन्मेषला फोन लावला आणि घर विकायला काढ म्हणून सांगितलं. उन्मेषला आधी खरंच वाटेना, मग तो आनंदाने भराभर बोलत सुटला, एजंट, तारखा, बेसमेंटमधलं सामान. तुळपुळे बरं, बरं म्हणत राहिले. फोन ठेवून वळले तर ऊर्मी दारात उभी.

‘मग मी कुठे राहू, आजोबा?’

याचा त्यांनी विचारच केला नव्हता. ती रडत होती, आणि ते वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले.

‘तुझं काय,’ ते म्हणाले, ‘तू इथली आहेस. तुला कुणीही ठेवून घेईल.’