साडूच्या गाडीची उंची

मिस्त्रीची उंची सहा फूट तीन इंच. गॅरेजच्या चौकटीवर त्याच्या कपाळाचा तेलकट डाग कायमचा उमटला होता आणि गल्लीत त्याला सगळे 'शिडी' म्हणत. सव्वीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या नीट केल्या. स्वतःकडे काय, तर एक जुनी स्कूटर. तिच्यावर बसला की गुडघे हँडलच्या दोन्ही बाजूंनी बाहेर यायचे. मागून बायको म्हणायची, "अहो, गुडघे आवरा, कुणाला तरी लागतील." पण त्याचा एक नियम होता. नीट केलेली गाडी स्वतः फेरी मारून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. फेरी कुठवर, तर कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत आणि परत. एकाहून एक भारी गाड्या या माणसाने चालवल्या, पण त्या तेवढ्याच.

आणि अशा माणसाच्या साडूने ती गाडी घ्यावी!

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं चष्म्याचं दुकान. उंची पाच फूट तीन, तीही बूट घालून. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, एवढंच काय ते याचं शौर्य. जन्मात कधी पाना हातात धरला नाही. आणि एका रविवारी सकाळी हे महाशय हजार सीसीची टूरिंग मोटारसायकल घेऊन गॅरेजसमोर हजर. उंच, रुंद खांद्यांची, पुढे वारा अडवायला काच, मागे दोन बाजूंना सामानाच्या पेट्या. डांबरी रस्त्यावर दिवसभर पळवली तरी दमायची नाही. त्या इंजिनाचा आवाज मिस्त्री गेली दोन वर्षं रोज जेवण झालं की मोबाइलवर ऐकत होता. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"साडूभाऊ, बसून तर बघा," साडू म्हणाला.

मिस्त्री बसला. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले. गुडघे टाकीच्या खाचेत असे बसले की कुणीतरी माप घेऊन ती गाडी त्याच्यासाठीच शिवली असावी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपले पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न पडला नाही. आणि लगेच त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मारा की एक फेरी."

"नको. कामं पडलीत."

मग साडू चढला. त्याचे नुसते चवडे टेकत होते. "एवढंच जरा जमत नाही," तो ओशाळून म्हणाला. "सीट खाली घेता येईल का हो?"

आता हे काम मिस्त्रीच्या हातचा मळ. सीटमधला फोम तीन बोटं कापायचा, मागच्या सस्पेन्शनचा एक तुकडा बदलायचा, बुटक्या झालेल्या गाडीला शोभेल तेवढा साइड स्टँड कापायचा. अर्ध्या दिवसात मोकळं. पण एकदा कापलेला फोम परत वाढत नाही. मिस्त्रीच्या मनात आलं, हा असा चवड्यांवर किती दिवस नाचणार? सहा महिन्यांत कंटाळेल. विकायला काढेल. मग घरातल्या घरात कुणाला देईल?

"या मॉडेलचं नाही होत," तो म्हणाला. "सीटच्या खाली सगळ्या वायरी आहेत."

"तुम्ही म्हणता म्हणजे प्रश्नच मिटला," साडू म्हणाला आणि चवड्यांवर हिंदकळत निघून गेला.

त्यानंतर मिस्त्रीला चैन पडेना. साडू कुठे कुठे जाऊन आला ते बायको बहिणीकडून ऐकायची आणि जेवताना वाढायची. घाटातले फोटो, समुद्राजवळचे फोटो. "तोंड का असं केलंय?" ती विचारायची. "मीठ जास्त झालंय," मिस्त्री म्हणायचा. मीठ बेतशीरच असायचं.

दीड महिन्याने साडू परत आला, मागे मिस्त्रीची मेव्हणी. गॅरेजच्या उतारावर त्याने गाडी हळू केली आणि डावा पाय खाली घ्यायला गेला. पाय सुटेचना. बुटाचा पुढचा भाग गिअरच्या दांडीखाली अडकला होता. पेट्यांसकट अडीचशे किलोची गाडी, वर दोन माणसं, सगळं सावकाश डावीकडे कलायला लागलं. मिस्त्री हातातला पाना टाकून धावला आणि हँडलखाली खांदा घातला. कशीबशी तोलली. मेव्हणी पटकन खाली उतरली.

"भाऊजी, तुम्ही होतात म्हणून वाचलो," ती म्हणाली.

मिस्त्रीचं लक्ष साडूच्या पायांकडे गेलं. बुटांना दोन इंच जाडीचे तळवे होते.

"चांभाराकडून मुद्दाम करून घेतले," साडू धापा टाकत, तरी कौतुकाने म्हणाला. "सीट खाली होत नाही म्हणालात ना, म्हटलं आपणच वर जाऊ."

मिस्त्रीला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तो खाली वाकून पाना शोधू लागला. पाना समोरच पडला होता.

"होतं," तो म्हणाला.

"काय होतं?"

"सीट खाली होते. मी खोटं बोललो."

साडूने चष्मा काढून पुसला. "का?"

"मला हवी होती."

"अहो मग त्या दिवशी मी फेरी मारा म्हणालो होतो ना?"

"फेरी नव्हती हवी. गाडी हवी होती."

मेव्हणी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "ते बोलणं नंतर. आधी तो फोम कापा."

मिस्त्रीने सीट काढली, कव्हर उसवलं. सुरी हातात घेतल्यावर मात्र तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मग तीन बोटं मोजून खूण केली आणि कापलं. तुकडा बाहेर टाकला नाही, कपाटावर ठेवला. मागच्या सस्पेन्शनचा तुकडा बदलला, स्टँड कापून परत जोडला. साडू स्टुलावर बसून सगळं बघत होता.

काम झालं तशी साडूने हात पुढे केला. मिस्त्रीने किल्ली दिली नाही.

"फेरी मारल्याशिवाय गाडी देत नाही मी," तो म्हणाला.

तो बसला. गुडघे टाकीच्या खाचेतून वर निघाले आणि हँडलच्या दोन बाजूंनी बाहेर आले, थेट स्कूटरवर येतात तसे. इंजिन मोबाइलवर यायचा त्याहून कितीतरी गोड आवाजात चालू झालं. तो पंपापर्यंत गेला, वळला आणि परत आला.

"कशी झालीय?" साडूने विचारलं.

"तुझ्या मापाची," मिस्त्री म्हणाला आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

साडू बूट काढून मोज्यांवर चढला. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले. तो लहान पोरासारखा हसला, आणि मिस्त्रीच्या पोटात अजून दुखतच होतं.