दोन फ्लॅश आणि एक बारसं

ताम्हिणी घाट उतरून आमची एसटी माणगावला थांबली, तेव्हा मांडीवरच्या बॅगेत माझा कॅमेरा होता आणि दोन फ्लॅश होते. फ्लॅश दोन्ही उसने. कॅमेऱ्यांचं दुकान चालवणारा माझा मित्र अविनाश शेवटी वैतागून म्हणाला होता, "दीपा, दोन्ही घेऊन जा. वापर. परत आलीस की एक ठेव, एक दे. पण माझं डोकं खाणं थांबव!"

त्याचं काही चुकलं नव्हतं. स्वस्तातला घेऊ की भारीतला, हे मी त्याला रोज फोन करून विचारत होते. भारीतला समोरचा उजेड स्वतः मोजतो, किती चमकायचं ते स्वतः ठरवतो आणि लगेच पुढच्या फोटोला तयार होतो. त्याचं नाव मी ठेवलं साहेब. स्वस्तातल्याला सगळं आपण सांगायचं, आणि पूर्ण ताकदीनं चमकला की तो कुंई कुंई करत बराच वेळ दम खात बसतो. तो बंड्या.

"ताई, बॅग वर ठेवा की," कंडक्टर म्हणाले.

"नको, नाजूक सामान आहे."

"अंडी हायत का?"

"अंड्यांपेक्षा नाजूक."

"मग धरा बाबा घट्ट. म्हसळ्यापुढं वळणं लय हायत." आणि खरंच, म्हसळ्यापासून पुढे मी बॅग तान्ह्या पोरासारखी कवटाळून बसले.

तान्हं पोर श्रीवर्धनला माझी वाट बघत होतं. तिथे माझी मावशी राहते. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या मावसबहिणीला, मृणालला मुलगी झाली होती आणि तिचं बारसं होतं. मृणालचा नवरा समीर जहाजावर इंजिनिअर. मुलगी झाली तेव्हा तो भर समुद्रात. त्याला नेट मिळायचं तेव्हा बाळ झोपलेलं, आणि बाळ जागं असलं की रडून डोळे घट्ट मिटलेले. त्यात मावशीचा नियम, बारशापर्यंत बाळ-बाळंतीण खोलीबाहेर यायची नाहीत. त्या अंधाऱ्या खोलीत फोनवर काढलेले फोटो सगळे काळपट आणि हललेले. समीरनं मला निरोप पाठवला होता, "ताई, डोळे उघडे असलेला एक फोटो काढ. बाकी काही नको."

मावशीचं घर वाडीत (सुपारी-नारळाच्या बागेत) आहे. भर दुपारी आत शिरलं तरी सुपारीच्या शेंड्यांतून हिरवा, मऊ उजेड उतरतो. डोळ्यांना फार बरं वाटतं, कॅमेऱ्याला मात्र तो मुळीच पुरत नाही. मावशीनं पाय धुवायला पाणी दिलं आणि लगेच पानावर बसवलं. घावन आणि घाटलं (नारळाच्या दुधातली गोड खीर), बरोबर सोलकढी. तिसरं घावन वाढताना ती म्हणाली, "फोटो काढ हो, पण बाळाच्या डोळ्यांवर लख्खकन उजेड मारायचा नाही. आधीच सांगून ठेवते."

झालं! उघडे डोळे हवेत, अंधार आहे आणि उजेड मारायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही फ्लॅशची परीक्षा घ्यायला मी हरिहरेश्वरला गेले. देवळाचं दर्शन घेऊन प्रदक्षिणेच्या वाटेवर, खडकांतून समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांशी आले, तर शहाळी विकणाऱ्या एका बाईंनी हटकलं.

"खाली न्हाय जायचं आता. भरती लागली."

"नाही जात. तुमचा फोटो काढू का?"

"काढा की. पण काळी नका काढू हां!"

त्यांच्या पाठीमागे समुद्र नुसता लखलखत होता. बंड्यानं त्यांचं तोंड पिठात बुडवल्यासारखं पांढरं केलं. साहेबानं एका फटक्यात चेहरा, नथ, मागची लाट, सगळं जिथल्या तिथे आणलं. बाई खूश. मी तर साहेबावर फिदाच! त्याच जागी ठरवून टाकलं, घ्यायचा तर हाच. तेवढ्यात एक लाट खडकावर फुटून तुषार अंगावर आले, आणि मी आधी साहेबाला पदराखाली घेतलं. कॅमेरा भिजला तो भिजलाच.

संध्याकाळी माजघरात रंगीत तालीम. मावशीला पाळण्याशी बसवलं आणि साहेबाला कामाला लावलं. पहिल्या फोटोत मावशीचे डोळे अर्धे मिटलेले. दुसऱ्यातही तेच.

"मावशी, डोळे मिटू नकोस गं!"

"अगं, उघडेच आहेत माझे!"

"मग हे काय आहे?"

"तुझं यंत्र खोटं बोलतंय," मावशी म्हणाली आणि रुसून बसली.

बंड्या लावला, तर डोळे टक्क उघडे. मी चक्रावले. अविनाशला फोन लावला. तो हसायला लागला. "भारीतला उजेड मोजायला आधी एक बारीक चमक टाकतो. काहींच्या पापण्या त्या चमकेलाच मिटतात. ते मोजणं बंद कर, सगळं हातानं लाव."

"मग तो बंड्याच झाला की!"

"तसं म्हण. मेनूत जा, तिथे दुसऱ्या पानावर..." आणि रेंज गेली. मेनूत एवढी पानं होती की मला ते पान काही सापडेना. बाळाची पापणीही आजीवर गेली असली तर? उद्या सगळ्यांसमोर मेनू उघडून बसायची माझी छाती नव्हती. साहेब बॅगेत गेला.

बारशाला तळा गावाहून समीरची मोठी बहीण शुभदाताई आल्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ताई शाळेत शिक्षिका, आवाजही तसाच. मला बघताच म्हणाल्या, "नाव एकदाच सांगणार. कॅमेऱ्यासाठी पुन्हा वाकणार नाही."

"पुन्हा वाकायला लावणार नाही," मी म्हटलं आणि बंड्याला कॅमेऱ्यावर चढवलं.

आता मावशीची अट. उजेड थेट नको, म्हणजे कशावर तरी आपटवून हवा. शहरात वर पांढरं छत असतं. इथे वर काळीभोर कौलं आणि वासे. "घरात मोठं पांढरं कापड आहे का?" मी विचारलं. चादरी सगळ्या फुलाफुलांच्या निघाल्या. मग मृणालच खोलीतून म्हणाली, "आई, आमचा अंतरपाट?" मावशीनं कपाटातून तो काढला. एका कोपऱ्यात कुंकवाचं स्वस्तिक, बाकी पांढराशुभ्र. दोन शेजारणींनी लग्नात धरतात तसा तो धरला आणि माजघरात हशा पिकला.

पाळण्यात आधी वरवंटा घालतात. त्याला टोपडं घालून, कुंची चढवून बाळासारखा नटवतात. मला तर देवच पावला! बायका वरवंट्याला जोजवत होत्या आणि मी बंड्याचं तोंड अंतरपाटाकडे फिरवून त्याच वरवंट्यावर उजेड जमवत होते. दगड छान दिसायला लागला. म्हटलं, जमलं! आणि मग लक्ष टोपड्याकडे गेलं. त्याची लेस, शिवण, सगळं पांढऱ्यात नाहीसं झालं होतं. हात्तिच्या! काळ्या दगडाच्या मापानं उजेड लावून मी गोऱ्या बाळाचा चेहरा घालवायला निघाले होते. घाईघाईनं ताकद कमी केली आणि टोपड्याची लेस परत आली.

बाळ पाळण्यात आलं. झोपलेलं, अर्थात! शुभदाताई वाकल्या. त्यांचे ओठ बाळाच्या कानाशी हलले, आणि त्या कुजबुजीनं बाळानं डोळे उघडले. चांगले मोठे, काळे, सरळ माझ्या दिशेला. मी बटण दाबलं. अंतरपाट क्षणभर उजळला, बाळ रडलंही नाही. लगेच पुन्हा झोपलं.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. डोळे उघडे होते. शुभदाताईंनी चष्मा लावून फोटो बघितला आणि माझा हात दाबून धरला. मावशी म्हणाली, "बाळ दचकलंसुद्धा नाही हो!" आणि मला चक्क दोन लाडू वाढले. इतकं मोकळं वाटत होतं की मी दोन्ही खाल्ले.

फोटो समीरला पाठवला, पण तो पोचल्याची खूण काही उमटेना. परतीच्या एसटीत घाट चढताना मी सारखी फोन बघत होते आणि मधूनमधून फ्लॅशचा विचार करत होते. साहेब वाईट नव्हता. शहाळेवाल्या बाईंचा तो फोटो बंड्याला सात जन्मांत जमला नसता. पण साहेब असताना मी त्याच्या जिवाला जपत होते, आणि बंड्या असताना समोरच्या माणसाकडे बघत होते. माझ्यासारखीला एवढा हिशोब बास.

पुण्यात उतरले ती थेट दुकानात गेले आणि साहेबाला काउंटरवर ठेवलं. अविनाश म्हणाला, "हा परत? अगं, विचार कर पुन्हा."

"नाही रे बाबा. केला तेवढा पुरे."

तो बंड्याचं बिल करायला लागला, तेवढ्यात फोन वाजला. समीरचा आवाजी निरोप होता. आधी नुसती जहाजाच्या इंजिनाची घरघर. मग त्यानं घसा खाकरला. "ताई, ती माझ्याकडे बघतेय," तो म्हणाला. पुन्हा घरघर. "घरी येईपर्यंत पुरेल मला एवढं."